संघ विसर्जित होतो तेव्हा

म्हापशाला लागूनच आसगाव हे गाव आहे. नेव्हिल डिसोझा हा त्या गावचा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि नेव्हिलचे नाव झाले होते मुंबईच्या मैदानांवर, टाटा संघातून.

यात नवल नव्हते. बारदेशातून मुंबईस गेलेला तरुण गावाच्या नावाने चालणाऱ्या कूडीत उतरे, आणि पायांत कसब असले तर एखादी कंपनी त्याला पदरी घेई. पगार कचेरीचा, घाम मैदानावरचा, असा तो व्यवहार होता. टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र यांचे संघ या व्यवहारावर पोसले गेले.

त्यांतील महिंद्रचा संघ १९६२ साली स्थापन झाला. पुढे ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने कूपरेजचे मैदान त्याने गाजविले. २००५-०६ च्या हंगामात त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. त्या वेळचे प्रशिक्षक डेरिक परेरा हे गोमंतकीयच. २००८ साली ड्युरंड चषकही त्याच्याकडे आला. आणि २०१० मध्ये कंपनीने हा संघ विसर्जित केला!

संघ दुबळा झाला नव्हता, कंपनीही बुडाली नव्हती. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे, असे कंपनीने सांगितले. हेतू स्तुत्य खरा; परंतु शाळेत खेळू लागलेल्या मुलाने उद्या कोणत्या संघाकडे डोळे लावावेत?

हा प्रश्न मुंबईपुरता राहिला नाही. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो त्या स्पर्धेत परतला, तो थेट २०२४ मध्ये. आठ वर्षे हा खेळाडूच्या आयुष्यातील केवढा मोठा काळ! अठरा वर्षांचा मुलगा तेवढ्यात सव्विशीचा होतो.

कंपनीने उभारलेला संघ कंपनीच्या एका निर्णयाने मिटतो. त्यासाठी कंपनीला दोष देणे सोपे आहे. परंतु त्या संघाला आपला म्हणणारे, तिकीट काढून सामन्याला जाणारे, वर्गणी देणारे किती होते, हेही विचारले पाहिजे. फेस्ताच्या दिवसांत गावच्या संघासाठी जो गाव शेतात दोरी बांधून मैदान आखतो, त्याचा संघ हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरतो. नेव्हिलच्या गावाला हे निराळे सांगावयास नको.