जागते गाव, राखलेले शिवार

(मार्गासनी येथे ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे निघालेला वाटसरू या गावावरूनच पुढे जातो. येथूनच एक वाट साखरवरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाते. हा गुंजण मावळ. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय घेतला. ज्या गडावरून सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार चालला, त्या गडाच्या सावलीत आजचा विषय वरवर पाहता अगदीच साधा वाटेल. विहिरीवरची मोटार, खळ्यावरचे भात, गोठ्यातले जनावर आणि कुलूप लावलेले घर चोरापासून कसे राखायचे, एवढाच तो विषय आहे.

परंतु स्वराज्य या शब्दाचा पहिला अर्थ कष्टकरी रयतेला रात्रीची निर्धास्त झोप हाच होता. चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या जुमलेदारांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात शिवछत्रपतींनी बजावले की, लष्कराने कुणब्याचे धान्य, गवत, लाकूडफाटा यांस हात लावू नये. लागेल ते बाजारातून विकत आणावे. शत्रूच्या आधी स्वतःच्या सैन्यापासून शेतकऱ्याचे घर राखणारा हा राजा होता. तेव्हा शिवाराची राखण हा किरकोळ विषय नव्हे.

शेतातील चोरीचा हिशेब चोरलेल्या वस्तूच्या किमतीने होत नाही. रोहित्र फोडून त्यातील तांब्याची तार आणि तेल नेणाऱ्याच्या हाती भंगाराच्या भावाने थोडे पैसे पडतात. पण नवे रोहित्र बसेपर्यंत त्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांचे पाणी तुटते आणि हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत वाळते. केबल कापून नेली तर पंप जागेवर असूनही निरुपयोगी होतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव किलोला शंभर रुपयांपलीकडे गेले, तेव्हा याच पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात एका शेतकऱ्याने तोडून ठेवलेला सुमारे चारशे किलो माल रातोरात नाहीसा झाला. अनेक वर्षे मातीमोल भाव सोसावा, एखाद्या वर्षी बरे दिवस यावेत, आणि नेमके तेच चोराने न्यावेत, यासारखा घाव दुसरा नाही. आपल्या मावळात इंद्रायणी भात झोडून खळ्यावर पडलेला असतो, ते दिवस असेच जोखमीचे.

हे का वाढले, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. घरातली तरणी मुले पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिली वृद्ध आई-वडिलांची जोडी, नाहीतर नुसते कुलूप. पूर्वी नवखा माणूस वेशीत शिरला की चार जण विचारत, "कोण पाव्हणं? कुणाकडं?" आज रात्री अनोळखी टेम्पो गावातून गेला तरी कोणी खिडकी उघडत नाही. चोराला अंधारापेक्षा ही उदासीनता अधिक उपयोगी पडते.

आपल्या गावगाड्यात राखणीची चोख व्यवस्था होती. वेशीवर वेसकर असे, रात्रीची जागल रामोशाकडे असे. चोरी झाली की माग काढणे ही त्याची जबाबदारी. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की ती जबाबदारी त्या गावाच्या रखवालदाराकडे जाई, आणि माल सापडला नाही तर भरपाईचा प्रश्न गावापुढे येई. पेशवाईच्या अस्तानंतर या मुलखाची पाहणी करणाऱ्या एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची नोंद केली आहे. त्या व्यवस्थेत जातींची उतरंड होती, हे नाकारण्याचे कारण नाही. ती उतरंड परत आणायची नाही. पण चोरी एका घरी झाली तरी उत्तर साऱ्या गावाने द्यायचे, हे तिचे तत्त्व मात्र आजही मोलाचे आहे.

इंग्रजी अमलात रामोशांची परंपरागत कामे आणि हक्क गेले. त्या असंतोषातून पुरंदरच्या उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या पाठीशी रामोशीच उभे राहिले. आणि इंग्रजांनी काय केले? १८७१ च्या कायद्याने या देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय करून ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा शिक्का कायद्यातून पुसला गेला. आपल्या मनातून तो पुसला गेला आहे काय?

हा प्रश्न आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. चोरीच्या भीतीने गाव जागे होते, ही चांगली गोष्ट आहे. पण अफवेने जागे झालेले गाव चोराहून भयंकर ठरू शकते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे काय घडले? टाळेबंदीच्या दिवसांत चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या, गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. त्या जमावाच्या हाती गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघालेले कल्पवृक्षगिरी महाराज, सुशीलगिरी महाराज आणि त्यांचा वाहनचालक सापडले. पोलीस समोर असताना तिघांची हत्या झाली. त्या वार्तेने साऱ्या हिंदू समाजाचे काळीज चरकले. त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तेही आपलेच बांधव होते. ज्यांना पहिल्या घटनेने संताप येतो, त्यांना दुसरीची लाज वाटलीच पाहिजे. म्हणून राखणीचा पहिला नियम हा की, संशयिताला थांबवावे, पोलिसांना कळवावे, पण त्याच्या अंगावर हात टाकू नये.

पालावरच्या माणसाकडे पाहण्याची दुसरी रीतही याच महाराष्ट्रात उभी राहिली आहे. गिरीश प्रभुणे आणि भटके विमुक्त विकास परिषदेच्या कार्यकर्त्यांनी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला पारधी आणि अन्य भटक्या जमातींच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे केले. ज्या मुलाच्या बापाला पोलीस केवळ जातीवरून उचलून नेत, तो मुलगा तिथे अक्षरे गिरवू लागला. चोरीवरचा हा उपाय हळू चालतो, पण त्याचे फळ टिकते.

आता तातडीचे उपाय. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार आजचा पोलीस पाटील नेमला जातो. तो कागदोपत्री न राहता गावाच्या विश्वासाचा माणूस झाला पाहिजे. ग्रामरक्षक दलाची तरतूद पोलीस अधिनियमात आहे. या दलातील तरुणांची यादी ठाण्यात असावी, गस्तीच्या पाळ्या ठरलेल्या असाव्यात आणि दलात गावातील प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक समाजाचा तरुण असावा. एका फोनवर साऱ्या गावाच्या मोबाईलवर संदेश पोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आणि तातडीसाठी ११२ हा क्रमांक घरातील आजीलाही ठाऊक असावा.

पंपाचा अनुक्रमांक आणि छायाचित्र वहीत नोंदवून ठेवावे; पंपावर नाव व गाव कोरावे. खूण असलेला माल विकणे चोराला जड जाते. जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याची नोंद जपावी. भात खळ्यावर असेपर्यंत शेजारच्या चार शेतकऱ्यांनी आळीपाळीने राखण करावी. रोहित्राजवळ रात्री हालचाल दिसली तर जवळ न जाता कळवावे, कारण तेथे जिवाची जोखीम आहे. आणि चोरी लहान असली तरी फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. नोंदच नसेल तर पोलिसांच्या लेखी त्या शिवारात चोरी झालेलीच नसते.

शेवटी एका मोठ्या चोरीचा उल्लेख करावाच लागेल. पुण्याजवळच्या या डोंगरदऱ्यांत जमिनीचे भाव वाढले, तशी बांध सरकवण्याची आणि खोट्या कुलमुखत्यारपत्रांची भीतीही वाढली. मोटार गेली तर दुसरी घेता येते. वडिलार्जित जमीन गेली तर पिढी जाते. शहरात राहणाऱ्या कुटुंबाने वर्षातून दोनदा सातबारा काढून पाहावा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते, आणि 'आपली चावडी' या शासकीय संकेतस्थळावर ती नोटीस घरबसल्या दिसते. सुट्टीत मुलांना गावी आणून आपल्या शेताच्या चारही सीमा पायी फिरवून दाखवाव्यात. ज्याला बांध ठाऊक नाही, तो बांध राखणार कसा?

मित्रहो, कुलूप, दिवा, कॅमेरा हे सारे हवेच. पण शेजाऱ्याच्या गोठ्यात अवेळी आवाज झाला तर अंथरुणातून उठणारा माणूस विकत मिळत नाही. गडावरचा पहारा एकट्या गडकऱ्याने कधी राखला नाही. मेटावरचे पहारेकरी जागे होते म्हणून गड निजला. आज रात्री आपापल्या घरी परतताना प्रत्येकाने वाटेतल्या एका बंद घराकडे पाहावे, त्याच्या धन्याला दूरध्वनी करावा आणि एवढेच सांगावे, "घर नीट आहे, आम्ही आहोत." गावाची जागल तिथून सुरू होईल.