आपला कोण आणि परका कोण?



अमेरिकन कोणास म्हणावें, हा त्या देशांतील जुनाच वाद अलीकडे पुन्हां पेटला आहे. २० जानेवारी २०२५ रोजीं तेथील अध्यक्षांनीं असा आदेश काढला कीं, आई बेकायदा वा तात्पुरत्या परवान्यावर राहात असेल आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर तेथें जन्मलेल्या मुलास जन्मानें नागरिक मानूं नये. त्यास लागलीच न्यायालयांत आव्हान मिळालें. १ मार्च रोजीं दुसऱ्या आदेशानें इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरविण्यांत आली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत खडू झिजविलेल्या मास्तरास याच्याशीं काय कर्तव्य, असें आपण म्हणाल. परंतु पुण्या-मुंबईच्या किती तरी घरांतील मुलगे आणि सुना तात्पुरत्या परवान्यावर तिकडे नोकरीस आहेत; आणि तेथें होणारें नातवंड कोणत्या देशाचें, या चिंतेनें इकडे आजी-आजोबांची झोप उडाली.

त्यांची चिंता निराधार नव्हे. अमेरिकेनें दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या आहेत. चिनी आईबापांच्या पोटीं सॅन फ्रान्सिस्कोस जन्मलेला वोंग किम आर्क हा नागरिकच होय, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९८ मध्यें सांगितलें. उलट भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत होते, तरी १९२३ मध्यें त्याच न्यायालयानें, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें ते गोरे नव्हेत, म्हणून त्यांस नागरिकत्व नाकारलें. पुढें १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस दार उघडलें, पण वर्षास प्रवेश अवघ्या शंभरांस! आपल्या डॉक्टर-इंजिनियरांची रीघ लागली ती १९६५ च्या कायद्यानंतर.

आणि आपण तरी? १९५५ च्या कायद्याप्रमाणें भारतांत जन्मलेला बहुतेक प्रत्येक जण नागरिक होई. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यास आईबापांपैकीं एक तरी भारतीय असावा लागतो, आणि २००४ मध्यें ती अट आणखी कडक झाली. हें ध्यानांत ठेवूनच अमेरिकेस नांवें ठेवावीं.

आतां आमच्याकडची गोष्ट. पंतसचिवांचें भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. इंग्रजी अमदानींत आमचे वाडवडील भोर दरबारची रयत. पुण्यास गेले कीं तो दुसऱ्याचा मुलूख. विलीनीकरण झालें तेव्हां कोणाचें घर हललें नाहीं कीं शेत हललें नाहीं. माणूस कोणाच्या राज्याचा, तेवढें मात्र बदललें. त्याच्या आधीं आणि नंतरहि तोरण्या-राजगडाच्या पायथ्याचीं माणसें पोटासाठीं मुंबईस जात. गिरण्यांत राबत, बाजारांत ओझीं वाहात. तेथें त्यांस नांव मिळालें "घाटी". शब्दाचा अर्थ घाटावरचा, एवढाच. पण तो कोणत्या सुरांत उच्चारला जाई, हें ज्यांनीं ऐकला त्यांसच विचारावें. १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला, आणि सहाच वर्षांनीं, १९६६ मध्यें, शिवसेना निघाली ती मराठी माणसास मुंबईंत नोकऱ्या मिळाव्या या मागणीवर. ती तक्रार पोकळ नव्हती, असें माझें मत आहे. पण राग निघाला तो दाक्षिणात्य कारकुनांवर आणि उडप्यांच्या खानावळींवर. कालचा घाटी दुसऱ्यास परका म्हणूं लागला!

भाषेच्या वादांतहि असेंच होतें. १६ एप्रिल २०२५ रोजीं राज्य सरकारनें पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय काढला, जूनमध्यें तो बदलला आणि २९ जूनला मागें घेतला. मागें घेतला हें योग्यच झालें. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचें ओझें नको, हें पहिली-दुसरीचे वर्ग शिकविणारा कोणीहि सांगेल. पण त्याच सुमारास मीरा रोड येथें मराठी बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. थपडेनें भाषा येत असती तर आमच्या पिढीचे सारे विद्यार्थी संस्कृतपंडित झाले असते.

शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांमुळें बिहार, उत्तर प्रदेशचीं कुटुंबें आमच्या बाजूसहि आलीं. मी एका खेड्याच्या शाळेंत होतों, तेथें असाच एक मुलगा पहिलींत आला. पहिल्या दिवशीं पाणी मागण्यासहि त्याच्याजवळ शब्द नव्हता. दिवाळीपर्यंत तो मराठींत भांडूं लागला, आणि तोहि अस्सल मावळी हेल काढून. भाषा आली याची आम्हां मास्तरांची हीच खूण. ह्या मुलांस शाळेंत घेण्याविरुद्ध गांवांत कुरकुर होती. मग २०२२ मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा बंद होणार अशी बोलवा उठली, आणि तीच कुरकुर करणारी मंडळी परप्रांतीयांच्या खोल्या शोधीत, "मुलें आमच्याच शाळेंत घाला हो," असें विनवूं लागली! पट टिकला. तो मुलगा मात्र पुढें अधिवासाचा दाखला मागावयास जाईल, तेव्हां त्यास पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे कागद दाखवावे लागतील. भाड्याच्या खोल्या बदलीत फिरणाऱ्या मजुरानें ते आणावे कोठून? शाळेचा दाखला हाच बहुधा त्याचा एकमेव पुरावा. म्हणून मुख्याध्यापकांनीं अशा मुलांचीं नांवें आणि तारखा दप्तरांत काळजीनें लिहाव्या, एवढी माझी विनंती आहे.

२०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तें चांगलेंच आहे. पण ज्याचें शाळेचें वय उलटलें त्या कामगारानें मराठी कोठें शिकावी? अमेरिकेंत किती तरी सार्वजनिक वाचनालयांत नवागतांसाठीं इंग्रजीचे मोफत वर्ग चालतात. शिरवळास, कापूरहोळास किंवा भोरांत असा रात्रीचा मराठी वर्ग कोणी काढील, तर पहिले सहा महिने शिकविण्यास मी येईन. पुस्तकें पहिलीचींच चालतील. खोली आणि दिवा तेवढा हवा.