तांडेलाचे ज्ञान आणि हातातला फोन
(अलिबाग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'प्रौढांचे व्यवसायशिक्षण आणि संगणकीय साधने' हा विषय आपण मला दिलात. मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य वृत्तपत्रात गेले. यंत्राच्या पोटात काय चालते हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र पन्नाशीला पोचलेल्या, हाताने काम करणाऱ्या माणसासमोर एके दिवशी नवे यंत्र येऊन बसते तेव्हा त्याचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

गोष्ट आहे 1990 नंतरच्या काळातली. मी उमेदवारी करत होतो त्या छापखान्यात खिळे जुळवणारे दोन वयस्क जुळारी होते. उलटी अक्षरे ते सुलट अक्षरांच्या वेगाने वाचत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या बोटांनाच कळे. संपादकाची चूकसुद्धा ते न विचारता दुरुस्त करत आणि संपादकही ते मुकाट्याने मान्य करत. मग संगणक आले. शिकवायला बाहेरून एक तरुण आला. महिन्याभरात एक जुळारी शिकले, दुसरे घरी बसले. त्यांना कळफलक जमला नाही असे सगळे म्हणत. मला ते तेव्हाही पटले नव्हते. तो तरुण त्यांना सर्वांदेखत अरे-तुरे करत असे, आणि प्रत्येक सूचना इंग्रजीतून देत असे. छापखान्याने एक माणूस गमावला आणि त्याच्याबरोबर शुद्धलेखनही गमावले. त्यानंतरची कित्येक वर्षे आम्ही ते अंकात भोगले.

हे आज का आठवावे? कारण आपल्या या किनाऱ्यावर, रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत, नेमके हेच पुन्हा घडण्याजोगी स्थिती आहे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल की हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याचा संभव आहे याची माहिती देते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग मोजला जातो. गार आणि उबदार पाणी जिथे भेटते, आणि जिथे सूक्ष्म वनस्पतींमुळे पाणी हिरवट झालेले असते, तिथे लहान मासे चरायला येतात आणि त्यांच्यामागे मोठे. ही जागा अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या मीटर खोलीवर, अशी कळवली जाते. अक्षांश-रेखांशही असतात. उत्तम सोय आहे.

आता तांडेलाच्या बाजूने पाहा. तो खोली मोजतो वावांत. वीस वाव म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या आसपास, हे गणित त्याला कुणी करून दिले का? तो जागा ओळखतो किनाऱ्यावरच्या खुणांनी : खांदेरीचा दिवा अमुक डोंगराच्या रेषेत आला, कोर्लईचे टोक मागे पडले, की इथे जाळे. आणि डोलीने मासेमारी करणाऱ्याला तर या सल्ल्याचा फारसा उपयोगच नाही. डोल एका जागी बांधलेली असते; भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील नि जवळा तिच्यात येतो. तिथे मासा शोधत जायचे नसते, त्याची वाट पाहायची असते. शहरातून सरसकट एकच चित्रफीत घेऊन येणारा प्रशिक्षक डोलवाल्याला आणि सुरमईच्या मागे लांब जाणाऱ्याला एकाच बाकावर बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा दिसला की 'यांना शिकायचेच नाही' असा अहवाल लिहितो.

म्हणून माझे म्हणणे असे की फोन प्रथम तांडेलाच्या हाती द्यावा तो ऐकण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी. दर्यावर असताना त्याने आपल्या बोलीत सांगावे : आज कुठे जाळे टाकले, वारा कसा होता, काय लागले. त्याच वेळी फोनने जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत. हंगामाअखेरीस ही नोंद आणि उपग्रहाचा सल्ला शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही कुठे जुळले, कुठे चुकले, याची चर्चा व्हावी. त्या वर्गात शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण, हे सांगणे कठीण जाईल. होडीवरचे तरुण खलाशी मात्र दोघांकडूनही शिकतील.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ खेड्यात जाऊन राहिला. शाळा सुटलेली मुले गवंडीकाम, वेल्डिंग, शेती, वीजजोडणी हे गावाची खरी कामे करता करता शिकत. 2002 साली अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली 'फॅब लॅब', म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, याच पाबळमध्ये उभी राहिली. तिथे या कार्यशाळेआधी जवळपास वीस वर्षे काम होते, हे लक्षात घ्या. काम आधी आले आणि साधन त्याच्या गरजेपोटी मागून आले. आपण बहुतेक ठिकाणी उलटे करतो.

प्रौढांसाठीची सरकारी व्यवस्थाही जुनी आहे. 1967 साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. 2000 साली या योजनेचे नाव जन शिक्षण संस्थान झाले, आणि 2018 पासून ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. निरक्षर, नवसाक्षर, शाळा अर्ध्यात सोडलेले, यांच्यासाठीच ती आहे. रायगडचे जन शिक्षण संस्थान आपल्या अलिबागेतच आहे. आपण कार्यकर्त्यांनी नवी पाटी लावण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे. (आपल्याकडे पाटी लावण्याचा उत्साह अमाप असतो, हे मी घरचा माणूस म्हणून बोलतो.)

भगिनींविषयी बोललेच पाहिजे. मासळी बाजारात बसणाऱ्या बहुतेक मावशींपुढे आज पैसे घेण्याचा क्यूआर कोड आहे. पण संदेश वाचायला शेजारचा मुलगा लागतो. 'पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका' असे सांगून कुणी फसवू पाहतो. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो, एवढे एक वाक्य पक्के शिकवायला वर्गाची खोली नको. सकाळची गर्दी ओसरल्यावर पाटीशेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांनी आत्ता घेतलेल्या पैशांवर ते शिकवता येते. व्यवसायातून शिक्षण याला मी हे म्हणतो.

मात्र या साधनांवर किती विसंबावे? 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. आदल्या दिवसापर्यंत सूचना फोनवरच आल्या, आणि त्यांनी जीव वाचवले. पण वादळ गेले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत विजेचे खांब आडवे आणि फोन मुके. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरे गेली. त्या दिवसांत किंमत होती ती कौले चढवणाऱ्या, पडलेले माड कापणाऱ्या, तारा जोडणाऱ्या हातांना. ती कामे चित्रफितीवरून शिकलेला माणूस त्या दिवशी छपरावर चढू शकला नसता. समुद्रातही तेच. फोनचा मनोरा किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच साथ देतो. म्हणूनच 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथून पंतप्रधानांनी जिचा प्रारंभ केला, ती एक लाख नौकांवर इस्रोने विकसित केलेली संदेशयंत्रे बसवण्याची योजना मला मोलाची वाटते. संकटात त्यावरून संदेश जाईल आणि येईलही. पण ऐन वादळात, ओल्या हातांनी, ते यंत्र चालवण्याची सवय खलाशाला कोण लावणार? यंत्र बसवले की योजनेचा आकडा पूर्ण होतो. सवय मात्र कुठल्याच आकड्यात धरली जात नाही.

तेव्हा या अभ्यासवर्गाकडून माझी अपेक्षा छोटी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. तांडेल, खलाशी सगळे किनाऱ्यावर असतात, आणि हात जाळ्यात गुंतले तरी कान नि तोंड मोकळे असते. त्या काळात उपग्रहाचे ताजे सल्ले मिळत नाहीत. बंदी असते आणि ढगही असतात. म्हणून एप्रिल-मेमधले सल्ले आजपासूनच फोनमध्ये साठवून ठेवा. जाळी विणणाऱ्यांत जाऊन बसा, त्यांना काका-दादा म्हणा, आणि विचारा, 'या तारखेला तुम्ही कुठे होतात? तिथे काय लागले?' ते सांगतील ते वावांतच लिहून घ्या, मीटर नंतर करू. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातील, त्याआधी अशा दहा बैठका एका बंदरावर झाल्या तरी मला कळवा. मी वही घेऊन येईन.