सहायक प्रशिक्षक : एका स्वतंत्र व्यवसायाची ओळख

सांघिक खेळातील यशाचे श्रेय बहुधा कर्णधाराला आणि मुख्य प्रशिक्षकाला मिळते. तथापि खेळाडूंना प्रत्यक्ष शिकवण्याचे पुष्कळसे काम सहायक प्रशिक्षक करीत असल्यामुळे त्याच्या कारकिर्दीकडे मुख्य पदाआधीची उमेदवारी म्हणून न पाहता एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

या व्यवसायाची सर्वात बारीक विभागणी अमेरिकन फुटबॉलमध्ये आढळते. लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याच्या या खेळात मैदानावर प्रत्येक बाजूचे 11 खेळाडू असले, तरी आक्रमण, बचाव आणि चेंडू लाथाडण्याचे प्रसंग यांसाठी वेगवेगळे गट उतरत असल्याने व्यावसायिक संघाची नोंद 53 जणांची असते. प्रत्येक जागेच्या खेळाडूंना वेगळा प्रशिक्षक असतो, आणि संपूर्ण आक्रमणाची किंवा बचावाची आखणी करणाऱ्यास समन्वयक म्हणतात. चित्रफितींच्या विश्लेषणापासून आरंभ करून समन्वयकपदापर्यंत जाणे हा रूढ मार्ग असला, तरी न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या संघाचे डान्टे स्कार्नेकिया यांनी तीन दशकांहून अधिक काळ त्याच संघात सहायक म्हणूनच व्यतीत केला, आणि त्यातील मोठा भाग आक्रमणाच्या गटातील पुढची रांग घडवण्यात गेला.

महाराष्ट्रात याच्याशी मिळतीजुळती कारकीर्द क्रिकेटमध्ये मुंबईचे मध्यमगती गोलंदाज पारस म्हांब्रे यांची आहे. भारताकडून 2 कसोटी सामने खेळलेल्या म्हांब्रे यांच्या प्रशिक्षणाखाली बंगालने 2005-06 आणि 2006-07 या सलग हंगामांत रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. 2018 साली 19 वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघाचे ते गोलंदाजी प्रशिक्षक होते, तर 2020 साली उपविजेत्या ठरलेल्या त्याच वयोगटाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक. त्यानंतर 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक राहुल द्रविड यांच्या हाताखाली वरिष्ठ संघाच्या गोलंदाजीची जबाबदारी त्यांनी स्वीकारली, म्हणजेच मुख्य पद भूषवूनही ते पुन्हा विशेषज्ञाच्या भूमिकेत आले. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउन येथे दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या 30 चेंडूंत 30 धावा हव्या असताना भारताने 7 धावांनी ट्वेन्टी-20 विश्वचषक जिंकला, तो प्रामुख्याने गोलंदाजांच्या बळावर. आणि त्या विजयाबरोबरच द्रविड यांच्यासह म्हांब्रे यांचाही कार्यकाळ संपला. सहायकाचे पद मुख्य प्रशिक्षकाच्या मुदतीशी कसे बांधलेले असते, हे त्यातून स्पष्ट होते, आणि अमेरिकेतही बव्हंशी हीच रीत आहे.

या विभागणीच्या उलट खानदेशातील प्रशिक्षणाची जुनी परंपरा कुस्तीच्या तालमीची असून तीत डावपेच, व्यायाम, खुराक आणि शिस्त या सर्वांची जबाबदारी एकटा वस्ताद वाहतो. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी 2014 ते 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला, परंतु त्यासाठीची तयारी त्यांना पुण्यात करावी लागली. गुणवत्ता गावात असूनही विशेष शिक्षणासाठी शहर गाठावे लागते, याचे एक कारण एकेका अंगात निष्णात अशा शिक्षकांची उणीव हे होय. जळगावात जैन इरिगेशनच्या आधाराने उभ्या राहिलेल्या अकादमीसारख्या सोयी आहेत. मात्र मैदानाइतकाच खर्च शिक्षकांवर झाला आणि धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतून गोलंदाजी, तंदुरुस्ती किंवा सामना-विश्लेषण यांपैकी एकच विषय शिकवणारी पगारी पदे निर्माण झाली, तर सहायक प्रशिक्षकाचा व्यवसाय या जिल्ह्यांतील तरुणांनाही उपजीविकेचा मार्ग म्हणून निवडता येईल.