धरणाची चिलापी तव्यावर: खाली सॉस, वर मासा

आज विषय आहे तव्यावर कुरकुरीत केलेला मासा आणि त्यासोबत आलं-लसूण-सोयाचा सॉस. हे ऐकल्यावर नामपूरचे लोक म्हणतील, "अरे, समुद्र कुठे, आपण कुठे!" मुंबई आपल्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर. पण मोसमवर हरणबारी आहे, पलीकडे केळझर आणि चणकापूर आहेत. मग लांबून बर्फात आलेला पापलेटच का शोधायचा? जवळचा ताजा मासा घ्या.

आता कोणता? रोहू, कटला चवीला मस्त, रश्श्यात तर बेस्टच. पण त्यांच्या मांसात बारीक, दोन फाट्यांचे काटे असतात. म्हणूनच घरातली लहान पोरं आणि आजी-आजोबा मासा टाळतात. चिलापीत, म्हणजे तिलापियात, हे बारीक काटे नसतात. मधला कणा आणि बरगड्या काढल्या की दोन सपाट तुकडे मिळतात. यालाच फिलेट म्हणतात. मासेवाल्याला सांगा, "कणा काढून दोन बाजू द्या." घरी आल्यावर तुकड्यावरून बोट फिरवून बघा. काटा लागला तर चिमट्याने ओढा. पोरांना वाढायचं असेल तर हे दोनदा करा.

ताजा मासा ओळखायचा कसा? कल्ले लाल, डोळे फुगीर, आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं.

गोड्या पाण्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो. तो पाण्यातल्या शेवाळ आणि जिवाणूंमुळे तयार होणाऱ्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. आंबटाने तो कमी होतो. म्हणून तुकड्यांना लिंबू आणि थोडं मीठ लावून दहा मिनिटं ठेवा.

आता खरी गोष्ट ऐका. मासा पूर्ण कोरडा करा. स्वच्छ कापडाने दाबून टिपा. पाणी शंभर अंशांवर उकळतं, आणि खरपूस रंग यायला साधारण एकशे चाळीस लागतात. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर मासा भाजत नाही, नुसता वाफवतो. मग तो तव्याला चिकटतो आणि तुटतो.

चार तुकड्यांना (साधारण ४०० ग्रॅम) दोन चमचे कॉर्नफ्लॉर आणि मिरपूड लावा, जास्तीचं झटकून टाका. लोखंडी तव्यावर तीन मोठे चमचे तेल चांगलं तापवा. मासा ठेवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका! कडा सोनेरी झाल्या की मासा स्वतःच सुटतो. उलथण्याने एकदाच उलटा, अजून दोन मिनिटं, आणि काढा.

त्याच तव्यावर चमचाभर बारीक आलं, सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग परता. दोन मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, दोन चमचे गूळ, अर्धा कप पाणी घाला. उकळी आली की थंड पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लॉर ओता. मीठ घालू नका, सोयात भरपूर असतं.

ही चव ओळखीची वाटेल, कारण चायनीजच्या गाडीवर हीच असते. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये चिकन मंच्युरियन केलं असं मानलं जातं. तिथून सोया, लसूण, मिरची आणि कॉर्नफ्लॉर गावोगावी पोहोचलं. फरक एवढाच, गाडीवर सगळं सॉसमध्ये घोळतात. आपण सॉस ताटात खाली ओतायचा आणि मासा वर ठेवायचा. कुरकुरीतपणा टिकतो.

वर हिरवी पात, बाजूला गरम भात. पातीची चिंता नाही, कांद्याच्या बागलाणात राहतो आपण. या रविवारी करून बघा, आणि आधी घरात मासा टाळणाऱ्या माणसाला वाढा. त्याचा चेहरा कसा झाला, ते व्हॉइस नोटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!