तपासणाऱ्याची तपासणी



पहिला नग तपासून ओके झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, ही शिस्त इथल्या, पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या अंगवळणी पडली आहे. आज लाइनवर तो निवाडा कॅमेरा करतो. हिरवा दिवा लागला की नग पेटीत. पण लेन्सवर कूलंटचा पातळ थर बसला, किंवा कुणी सेटिंगमधली मर्यादा थोडी सैल केली, तर सदोष नगालाही हिरवा दिवा मिळू शकतो. म्हणून दर पाळीला एक माहितीतला खराब नग मुद्दाम कॅमेऱ्याखालून काढावा लागतो. कॅमेऱ्याने त्यालाही पास केलं, तर लाइन तिथेच थांबवायची.

तपासणारी यंत्रणाच चुकली तर काय होतं, हे पाहायला १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक अपडेट आपल्या वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता सुटलं आणि ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं. तेवढ्यात जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मूळ चूक किरकोळ वाटावी अशी होती: प्रणालीला २१ बाबींची अपेक्षा, प्रत्यक्षात पुरवल्या २०. चाचणी झाली नव्हती असं नाही. तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता, त्याने ते अपडेट पास केलं. शिवाय ते टप्प्याटप्प्याने न सोडता एकदम सगळीकडे गेलं. पूर्वी चुकलेला लॉट गोदामात अडवता यायचा. सॉफ्टवेअरच्या चुकीला तेवढीही सवड नसते.

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाने २०१५ च्या आवृत्तीत जोखमीचा विचार गुणवत्तेच्या गाभ्यात आणला. आपल्यापैकी अनेकांकडे मात्र जोखमीची नोंदवही ऑडिटच्या आदल्या आठवड्यातच उघडते, हे मला मनापासून खुपतं. जोखीम आधी दिसते ती मशीनवरच्या ऑपरेटरला. त्याने लाइन थांबवली तर उत्पादन बुडालं म्हणून त्याला बोलणी खावी लागणार असतील, तर महागड्या यंत्रणेचा उपयोग काय?

म्हणून राज्यभरातून इथे आलेल्या प्रतिनिधींना माझी कळकळीची विनंती आहे. इथे फक्त यशाच्या स्लाइड दाखवू नका. तुमच्या यंत्रणेने पास केलेला आणि ग्राहकाने परत पाठवलेला एक तरी नग चर्चेत मांडा, आणि तो कसा सुटला ते सविस्तर सांगा.