प्राथमिक शिक्षकाची कलादीक्षा



बेळगाव-निपाणीचा परिसर हा दोन भाषांचा प्रदेश होय. येथील कित्येक बालकांच्या घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते. असे बालक पहिल्या इयत्तेत गप्प बसते, त्या मौनास बुद्धिमांद्य समजण्यात येते, आणि त्या समजाचा भार ते पुढे वर्षानुवर्षे वाहते. हे मौन सोडवावयाचे तर शब्दांवाचून बोलणारी कला प्राथमिक शिक्षकाच्या हाती असली पाहिजे.

अंगणातील रांगोळीच घ्यावी. मधल्या ओळीत 7 ठिपके, तिच्या वर व खाली एकेक उणा करीत शेवटी एकच. मराठी बालक त्यास ठिपका म्हणते, कन्नड बालक चुक्की म्हणते. मोजणी मात्र दोघांचीही 49 च भरते. तीच रांगोळी तिरकी पाहिली की 7 ओळी व प्रत्येकीत 7 ठिपके स्पष्ट दिसतात, आणि वर्गसंख्येचे मर्म व्याख्येवाचून उमगते. भजनात टाळ धरणाऱ्या मुलास झपतालाच्या 10 मात्रा 2, 3, 2, 3 अशा विभागून टाळीने मोजावयास लावाव्या. बेरीज त्याच्या हातांत उतरते.

हा विचार या भूमीस परका नाही. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. त्यांनीच 1937 साली वर्धा येथे हाताच्या कामातून शिक्षणाची योजना देशापुढे मांडली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद यांनी कलेस शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडविली. खुद्द बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे कलावंत तयार झाले.

तथापि थोर कलावंत घडविणे निराळे आणि प्रत्येक खेड्यातील शिक्षकाच्या हाती खडू व टाळ सहजपणे खेळविणे निराळे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला अध्ययनात मिसळावी असे सांगितले आहे. पण केवळ व्याख्यान ऐकून शिक्षकाचा संकोच जात नाही. प्रशिक्षणवर्गात त्याने स्वतः रांगोळी घालावी, चुकावी, पुसावी, पुन्हा घालावी. मराठी शिक्षकाने कन्नड बालगीत आणि कन्नड शिक्षकाने मराठी बालगीत कंठगत करावे. ज्याने स्वतः चुकून पाहिले, तो बालकाच्या वाकड्या रेषेस हसणार नाही.

एक सावधगिरी मात्र राखणे अगत्याचे आहे. वार्षिक संमेलनाची सजावट म्हणजे कलाशिक्षण नव्हे. चित्र सुंदर झाले की नाही, हा येथे प्रश्नच नाही. ते काढताना बालकास काय उमगले आणि गप्प बसणाऱ्या मुलाने काय सांगितले, हे शिक्षकाने पाहावे. रांगोळीशेजारी बसून ज्या मुलाने प्रथमच मोठ्याने “चुक्की” म्हटले, त्यास “ठिपका” हा शब्द त्याच क्षणी द्यावा. तो त्यास विसरणार नाही.